नववा पाहुणा

किर्यू, १४ जानेवारी

मिनाए,

पत्राच्या सुरुवातीला थंडीवाऱ्याची चौकशी करायची आपली रीत आहे. आज मी ती पाळणार नाही. थंडी आहे आणि माझं डोकं तापलेलं आहे, एवढं पुरे.

काल तुमच्या संस्थेचं पाकीट आलं. आत तुझ्या विभागप्रमुख सेकिनेसाहेबांची साखर पेरलेली चिठ्ठी आणि एक जबाब. जबाब माझा, पण लिहिलाय त्यांनीच. मी फक्त खाली सहीऐवजी शिक्का उठवायचा. मामीने वाचून दाखवला. मी तिला पुन्हा वाचायला लावला, कारण मला वाटलं ती चष्म्याशिवाय वाचतेय. मजकूर असा: "मी त्सुनोदा कुमेजी, यंत्रकार, मान्य करतो की मी पुरवलेल्या फिरत्या चौकटीचे बेअरिंग झिजल्यामुळे शरद ऋतूतील प्रयोगांमध्ये तिची गती अनियमित झाली असण्याची शक्यता आहे."

बेअरिंग झिजलं म्हणे. सप्टेंबरात मी स्वतः मायेबाशीला येऊन ते नवं बसवलं, तेव्हा टॉर्च धरून तूच उभी होतीस. तीन महिन्यांत माझं बेअरिंग झिजायला त्यात काय वाळू घालून फिरवत होते तुम्ही?

बावन्न वर्षं यंत्रं बनवतोय. त्यातली तीस वर्षं रेशमाला पीळ घालणारी बनवली. गावातले माग बंद पडले, तसे माझ्या बरोबरीचे सगळे दुकानं मिटून नातवंडं खेळवायला लागले. मी मात्र दुकान उघडं ठेवलं. मग तीन वर्षांपूर्वी तू आलीस. म्हणालीस, "मामा, एक काचेची बशी दोन्ही अंगांनी अशी फिरवून द्या, की आतल्या पेशींना खाली कुठे आणि वर कुठे हेच कळू नये. म्हणजे आभाळात वजन नाहीसं होतं तसं त्यांना इथेच वाटेल. आणि क्ष-किरणही फिरता फिरताच पडले पाहिजेत." इतरांकडे यंत्र थांबवून किरण मारतात आणि मग परत फिरवतात, तेवढ्या वेळात पेशींना जमीन सापडते आणि सगळं मुसळ केरात, हे मला तूच समजावलंस. म्हणून तर ती झडप केली. बशी किरणांसमोर आली की क्षणभर उघडते आणि गेली की मिटते. त्या झडपेने माझे अकरा महिने खाल्ले.

३ नोव्हेंबरला मामीला घेऊन मी आलो होतो, तेव्हा सगळं झकास चाललं होतं. मी बशीतल्या पेशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. चौकटीवर माझ्या नावाची पितळी पट्टी आहे. त्या पट्टीवर मी थुंकावं, अशी त्यांची इच्छा दिसते.

सेकिनेंना विचार आणि उत्तर कळव. शिक्का मी उठवणार नाही.

मामा

~

मायेबाशी, २० जानेवारी

मामांना नमस्कार,

आकागी डोंगरावरचा वारा यंदा फारच बोचरा आहे. तुमची पाठ कशी आहे? मामींनी पाठवलेली सुकी पर्सिमॉन फळं मिळाली. आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्ली.

तुम्ही रागावणार हे मी ओळखून होते. पण मामा, तो कागद दिसतो तेवढा वाईट नाही. त्यात 'शक्यता आहे' असं लिहिलंय, 'झालं' असं नाही. आमच्याकडे असे कागद वर्षाला पन्नास होतात आणि कपाटात जातात. ते परत कुणी उघडून पाहत नाही.

झालंय असं. पहिल्या वर्षी आम्ही त्वचेच्या पेशी घेतल्या. काहींना नुसते किरण दिले. काहींना फिरवत ठेवून किरण दिले आणि पुढचे चोवीस तास तसंच फिरवलं. फिरत्या पेशींमध्ये तुटून भलतीकडे जोडली गेलेली गुणसूत्रं जवळजवळ दीडपट निघाली. म्हणजे वजन नसताना किरणांची जखम पेशीला नीट शिवता येत नाही. केवढी मोठी गोष्ट. पेपरातही आलं. गेल्या शरदात तोच प्रयोग बारा वेळा केला आणि फरक जवळपास नाहीसा झाला. आता जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने विचारलंय, की दोन्हींपैकी खरं काय. वसंतात एक समिती बसणार आहे. महिनोन्महिने वर अंतराळात राहणाऱ्या माणसांनी किती किरण अंगावर घ्यायचे, ते ठरवताना ती आमचे आकडेही बघेल. त्यामुळे सेकिनेसाहेबांना काहीतरी कारण द्यावंच लागणार.

मला वाटतं, तुम्ही शिक्का द्यावा. तुमचं नाव खराब होणार नाही, याची मी काळजी घेईन. माझा करार ३१ मार्चला संपतो आणि नवा करायचा की नाही ते सेकिनेसाहेबांच्या हातात आहे. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही.

तुमची मिनाए

~

किर्यू, २४ जानेवारी

मिनाए,

पाठ ठीक आहे. पाठीचा कणाही अजून शाबूत आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात वारा आहे, पर्सिमॉन आहे, जर्मनी आहे. माझ्या यंत्राची गती खरोखर बिघडली होती का, एवढंच नाही. तू ते लिहायला विसरलीस असं मी धरून चालतो. तू लहानपणी माझ्याच दुकानात रिकाम्या रिळांवर बसून शाळेचा अभ्यास करायचीस. त्या पोरीने मला 'दिसतो तेवढा वाईट नाही' असं लिहावं? वाईट दिसतो, कारण वाईट आहे.

असो. वाद घालायची गरज नाही, यंत्रच सांगेल. तुमच्यापैकी कुणालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. चौकटीच्या खाली, मोटरच्या मागच्या बाजूला, एक छोटं पितळी दार आहे. त्याला माशीच्या पंखांसारखा नट आहे, तो हाताने फिरतो. आत फेरे मोजणारा मीटर आहे. तो कुणी मागितला नव्हता, मी सवयीने बसवला. रेशमाच्या पिळाला मीटर लागतोच. हाताला लागणाऱ्या सुतावरून किती पीळ पडला ते मालक ओळखायचा आणि एक फेरा कमी पडला तरी अख्खा माल परत यायचा. मीटर नसलेलं यंत्र मी जन्मात कधी बनवलं नाही.

सप्टेंबरात बेअरिंग बसवलं तेव्हा मी तो शून्यावर आणला होता. यंत्र प्रयोगाशिवाय चालत नाही, असं तूच सांगतेस. मग आता जमिनीवर पालथी हो, दार उघड आणि आकडा वाच. गती बिघडली असेल तर आकड्यात दिसेल. दिसली, तर शिक्का काय, पट्टीसुद्धा येऊन उखडतो.

मामा

~

मायेबाशी, ३० जानेवारी

मामांना नमस्कार,

तुमच्या सांगण्याप्रमाणे आकडा पाहिला. १,९०,०८०. बारा प्रयोग, प्रत्येकी चोवीस तास आणि मिनिटाला अकरा फेरे या हिशेबाने अगदी बरोबर येतो. म्हणजे यंत्रात काही दोष नाही, हे मी सेकिनेसाहेबांना हळूच सांगेन. तुम्ही आता मनाला लावून घेऊ नका. कागदाचं काय करायचं ते मी बघते. थोडा वेळ द्या.

मामींना सांगा, त्यांनी पाठवलेले हातमोजे छान बसले.

मिनाए

~

किर्यू, ४ फेब्रुवारी

मिनाए,

माझ्या मीटरला चारच चाकं आहेत. त्याचा एक आकडा शंभर फेऱ्यांनी सरकतो. १,९०,०८० हा आकडा त्यात जन्मात दिसणार नाही.

तू वाकलीच नाहीस. टेबलाशी बसून गुणाकार केलास आणि मला पाठवलास.

काल मामीने दरवर्षीप्रमाणे भाजलेले सोयाबीन दाराबाहेर फेकून घरातल्या सैतानांना हाकललं. मी मूठभर तुझ्या पत्रावर फेकले.

आता मला सेकिनेचा राग राहिलेला नाही. तो परका माणूस. आकडा खरा पाठवायचा असेल तरच लिही.

मामा

~

मायेबाशी, ११ फेब्रुवारी

मामा,

१८७१.

आज सुट्टी आहे, इथे मी एकटीच आहे. पालथी होऊन वाचला. हाताला तेल लागलंय, ते कागदावरही उतरलंय बघा.

बारा प्रयोगांचे एकोणीसशे व्हायला हवे होते. जवळजवळ तीस कमी आहेत. ते कुठे गेले ते मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच मी वाकले नाही.

पेपरात बातमी आली आणि पाहुणे सुरू झाले. सेकिनेसाहेबांचं म्हणणं, लांबून आलेल्या माणसाला बंद खोकं दाखवून परत पाठवणं बरं दिसत नाही. त्याला काहीतरी पाहायला मिळालं पाहिजे. फिरत्या बशीत काही दिसत नाही. म्हणून झडपेची उघडमीट दाखवायची, ती माणसांना फार आवडते, आणि किरण संपले की लगेच यंत्र थांबवायचं. बशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. पाहुणे एकेक करून बघणार, आश्चर्य करणार, वाकून आभार मानणार, आम्ही उलट वाकणार, फोटो निघणार. दर वेळी अर्धा तास. मग बशी परत आत आणि यंत्र चालू.

आणि तो अर्धा तास कोणता? किरण पडल्यानंतरचा पहिला. पेशी आपली बरीचशी डागडुजी त्याच वेळात करून घेते. वजन नसताना ती कशी करते, हेच तर बघायचं होतं. आणि नेमकं तेव्हाच आम्ही तिला जमिनीवर टेकवून ठेवत होतो. फरक नाहीसा होईल नाही तर काय?

पहिल्यांदा मी बोलले होते. सेकिनेसाहेब हसले. "चोवीस तासांतला अर्धा तास, कोगुरे-सान. पेशींना घड्याळ कळतं का?" दुसऱ्यांदा मी बोलले नाही. तिसऱ्यांदा त्यांनी सांगायच्या आधीच मी बटण दाबलं. नोंदवहीत 'थांबवले' असा रकानाच नाही. दर पानाच्या शेवटी मी 'सुरळीत' लिहिलं आणि माझा शिक्का मारला. त्यावर त्यांनी आपला मारला.

आठ वेळा. जिल्हा कचेरीचे लोक दोनदा आले. एकदा पेपरवाले. एकदा एका मोटार कारखान्याचे संचालक. एकदा माध्यमिक शाळेचे शिक्षक. एकदा सेकिनेसाहेबांचे जुने गुरुजी, त्यांना खुर्ची दिली. एकदा महिला मंडळ. आणि एकदा एक मिठाईवाला, त्याला 'वजनरहित' नावाची मिठाई काढायची होती. मामा, त्या मिठाईवाल्यासाठी मी माणसाच्या पेशींचा प्रयोग मोडला. तुमचं बेअरिंग झिजलेलं नाही. झिजलो ते आम्ही.

मला सेकिनेंचा संताप येतो. रात्र रात्र येतो. आणि सकाळी उठून मी त्यांना वाकून नमस्कार करते.

मिनाए

~

किर्यू, १५ फेब्रुवारी

मिनाए,

आता कुठे पत्र आलं म्हणायचं.

मामीला वाचून दाखवलं. मिठाईवाल्याशी मी पोचलो तेव्हा तिच्या हातातली सुई पडली. इतकी शिकलेली माणसं आणि एकाच्याही तोंडून 'नको, चालू द्या' निघालं नाही? आमच्या दुकानात शेंबडं पोरसुद्धा फिरतं यंत्र थांबवत नव्हतं. आणि ते गुरुजी, त्यांनी तर हे सगळं शिकवलेलं असणार. खुर्चीत बसून बघत राहिले. लाज कशी वाटली नाही कुणाला? स्वतःचा डोळा तृप्त करायला आले आणि वर जाणाऱ्या माणसांच्या जिवाशी खेळून गेले. वर 'फार छान, फार छान' म्हणत पेटीभर मिठाई ठेवून गेले असतील. असल्या पाहुण्यांना मी दारातूनच हाकललं असतं.

तूसुद्धा कमी नाहीस. पण तुझं नंतर बघू.

आता हिशेब. मी तो तीनदा केला. मीटर जवळजवळ तीस कमी दाखवतो. म्हणजे तीन हजार फेरे. मिनिटाला अकरा धरले तर साडेचार तास झाले. तुझे आठ पाहुणे, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे चार तास. अर्धा तास उरतो. माझा मीटर अर्ध्या तासाची चूक करत नाही.

नववा कोण आहे? तू कुणाला तरी पाठीशी घालतेयस. सेकिनेची बायको? संस्थेचे संचालक? की एवढा मोठा माणूस आहे, की त्याचं नाव पत्रातसुद्धा घेववत नाही? कुणीही असो. नाव लिही. मी जबाब लिहिणार आहे, त्यांचा नव्हे, माझा. त्यात नऊच्या नऊ नावं असतील आणि मोठ्यात मोठं नाव सगळ्यांत वर असेल.

मामा

~

मायेबाशी, २२ फेब्रुवारी

मामा,

मी ठरवलं होतं की हे तुम्हाला कधीच सांगायचं नाही. तुम्ही चौथ्यांदाही हिशेब कराल हे आता कळून चुकलंय.

३ नोव्हेंबर. दुपारी दोन चाळीस ते तीन दहा. त्सुनोदा कुमेजी आणि तोकिए, किर्यू.

तो प्रयोगाचा दिवस होता. सुट्टी असल्यामुळे मी एकटीच होते. सेकिनेसाहेब नव्हते. मला कुणी सांगितलं नव्हतं. मामी नवा कोट घालून आल्या होत्या. तुम्ही अकरा महिने खपून जे बनवलं, त्याच्या आत काय आहे ते तुम्हाला एकदा दिसावं, असं मला वाटलं. मी बटण दाबलं. तुम्ही चौकटीला कान लावून उभे होतात. आवाज थांबला तसं माझ्याकडे वळून विचारलंत, "थांबवलंस?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी चालतं, मामा." तुम्ही मान डोलावलीत.

मग बशी बघितलीत. सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढायलाच तयार नव्हतात. मामींना म्हणालात, "अगं, रेशमाच्या लडीसारख्या एकीला एक लागून निजल्यात." तुम्हाला इतकं खुश मी मागे कधी पाहिलं होतं ते आठवत नाही. मला घाई करावीशी वाटली नाही.

मिनाए

~

किर्यू, १२ मार्च

मिनाए,

अठरा दिवस लिहिलं नाही. लिहायला बसलो की तुझा राग यायचा, कागद फाडायचो. मग कळलं की राग तुझा नाही.

तू थांबवलंस, ते मला ऐकू आलं होतं. मला ते कळणार नाही का? यंत्राचा आवाज मला माझ्या श्वासासारखा कळतो. मी विचारलंही. तू 'चालतं' म्हणालीस आणि मी मान्य केलं. का केलं? कारण आत बघायचं होतं. बाकी आठांना माहीत नव्हतं, की थांबवलं तर काय बिघडतं. मला तू तीन वर्षांपूर्वी बसवून शिकवलं होतंस. मला माहीत होतं. त्या मिठाईवाल्यापेक्षा मी वाईट.

एक दिवस जेवताना मी पुन्हा त्या गुरुजींवर घसरलो. मामीने वाटी खाली ठेवली. म्हणाली, "त्यांना खुर्ची तरी द्यावी लागली. तुम्ही तर उभ्या उभ्या अर्धा तास घेतलात. मी दोनदा बाही ओढली." हे तिने चार महिने पोटात ठेवलं होतं. मी उठून दुकानात गेलो आणि एक चांगला पाना भिंतीवर फेकला. भिंतीला खड्डा पडला, तो आता मलाच बुजवायचाय.

मग जबाब लिहिला. काल तो रजिस्टर पोस्टाने तुमच्या संस्थेच्या संचालकांच्या नावे पाठवला, सेकिनेच्या नाही. तुला कळावा म्हणून नक्कल देतो.

"मी त्सुनोदा कुमेजी. फिरती चौकट मी बनवली. तिचे बेअरिंग झिजलेले नाही. चौकटीखालच्या मीटरवर १८७१ हा आकडा आहे, तो कुणीही येऊन वाचावा. हवे होते १९००. यंत्र पाहुण्यांसाठी किरणांनंतर लगेच नऊ वेळा थांबवले गेले. नववा पाहुणा मी. यंत्र थांबवू नये हे ठाऊक असूनही मी ते थांबू दिले आणि बशी पाहिली. शरदाचे बाराही प्रयोग बाद धरावेत. पुन्हा करताना कुणालाही आत घेऊ नये, मलाही नाही."

खाली शिक्का उठवला. लाल, ठळक, जरासुद्धा वाकडा नाही.

बाकी आठांची नावं लिहिली नाहीत. सगळ्यांत वर कुणाचं लिहिणार होतो, ते आठवलं. तुझंही लिहिलेलं नाही. ते लिहायचं की नाही, हे तुझ्याकडे. करार ३१ मार्चला संपतो, हे मी विसरलेलो नाही. तू लिहिलं नाहीस तर मी काहीही म्हणणार नाही. पण मला वाईट वाटेल, हेही सांगून ठेवतो.

मामा

~

मायेबाशी, ३० मार्च

मामा,

तुमचा कागद पोचला त्याच दिवशी मी माझा लिहिला. आठ पानं झाली. नोंदवहीतल्या बारापैकी नऊ पानांवरचं 'सुरळीत' खोडलं, बाजूला खरी वेळ लिहिली आणि प्रत्येक खाडाखोडीवर पुन्हा शिक्का मारला. संचालक स्वतः आले. पासष्ट वर्षांचे गृहस्थ कोट काढून जमिनीवर पालथे झाले, पितळी दार उघडलं आणि बराच वेळ आकडा बघत राहिले.

शरदाचे प्रयोग मागे घेतले. जर्मनीला तसं कळवलं. महिनाअखेरपर्यंत सहा प्रयोग पुन्हा करायची परवानगी मिळाली आणि ते मीच करावेत असं संचालकांनी सांगितलं. सेकिनेसाहेबांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त दुसऱ्याच दिवशी कराराचा कागद आला. तो नवा करता येत नाही. कारण, 'विभागाच्या गरजा बदलल्या आहेत.' ते त्यांच्या खुर्चीवर आहेत, पुढेही राहतील. संस्थेने खुलासा काढलाय, त्यात पाहुण्यांचा उल्लेख नाही. 'परिस्थितीजन्य कारणांमुळे प्रयोगात खंड पडला', एवढंच आहे. वाचून मी इतकी चिडले, की स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून ओरडले.

पण सहा प्रयोग झाले. मीटर आता २८२१ दाखवतो. आधीचे १८७१ वजा केले की ९५०. जेवढे हवेत तेवढेच. चार बशा मोजून झाल्यात. फरक परत आलाय मामा, पहिल्या वर्षीसारखाच, दीडपट. फिरत्या पेशी खरंच नीट शिवू शकत नाहीत. समितीपुढे हेच आकडे जातील.

आता एक गोष्ट सांगते आणि माफी मागते. शेवटच्या प्रयोगाच्या दिवशी, २७ तारखेला, किरण नुकतेच संपले होते. दारावर टकटक झाली. पहिल्यांदा मी गप्प राहिले. परत झाली. मी आतून ओरडले, "बंद आहे. कुणीही असा, परत जा." इतक्या उद्धटपणे मी आयुष्यात कुणाशी बोलले नाही. मग टकटक थांबली. मी खुर्ची दाराला लावून बसले आणि यंत्राचा आवाज ऐकत राहिले.

संध्याकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी गोड लाल घेवड्याच्या मिठाईची पेटी होती. कागद किर्यूच्या दुकानाचा. तुम्ही एवढ्या लांब आलात आणि मी तुम्हाला हाकललं. तुमची पाठ दुखत असताना. कृपा करून रागावू नका.

मिनाए

~

किर्यू, ६ एप्रिल

मिनाए,

आकागीवरचा वारा आता पडला आहे. दुकानामागच्या तुतीला पालवी फुटली आहे. तू कशी आहेस? जेवतेस ना वेळेवर?

जानेवारीपासूनची चौकशी राहिली होती, ती एकदम केली.

'परिस्थितीजन्य कारणं' वाचून मामी म्हणाली, मग परिस्थितीलाच खुर्ची द्यायची होती आणि बशी दाखवायची होती. मी संचालकांना दुसरं पत्र लिहायला घेतलंय. खुलाशात नऊ पाहुणे यायलाच हवेत. मी मेल्यावर कुणीतरी तेवढंच वाचेल आणि म्हणेल, यंत्र बिघडलं होतं. म्हणून पत्र जाणार, महिन्याला एक जाणार, ते कंटाळेपर्यंत जाणार. मी कंटाळत नाही, हे त्यांना अजून माहीत नाही.

जर्मनीवाल्यांचंही पत्र आलं. तसलंच यंत्र त्यांना हवंय. या वेळी मीटर पुढच्या बाजूला बसवणार, नावाच्या पट्टीच्या वर, आल्या-गेल्याच्या डोळ्यांसमोर. पेशींचं मला कळत नाही. त्यांच्याशी बोलायला शिकलेलं माणूस लागेल. वरची खोली मामीने झाडून ठेवली आहे. रिळं अजून तिथेच आहेत, बसायला.

२७ तारखेचं म्हणशील, तर मी चुकून आलो नव्हतो. संचालकांच्या कचेरीत फोन करून वेळ विचारली आणि किरण संपायच्या वेळी बरोबर दारात येऊन उभा राहिलो. दुसऱ्यांदा जोरात ठोकलं, तेव्हा मामीने माझा हात धरला. तू ओरडलीस ते आम्ही दोघांनी ऐकलं. मग मी दाराला कान लावला. आत यंत्र फिरत होतं.

घड्याळ बघून पुरा अर्धा तास मी त्या बोळात उभा होतो. आवाज एकदाही थांबला नाही. इतकी वर्षं लोकांनी मला वाकून नमस्कार केले, पण एवढा मान माझा आजवर कुणी ठेवला नव्हता.

मामा